बेरिंगवाले अण्णा

खेडात अण्णांना घरी बोलवायचं असेल तर जाणती माणसं आधी पंखा बंद करतात. पंखा चालू राहिला की अण्णांचं चहात लक्ष नसतं. ते मान तिरकी करून छताकडे बघतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "वरचं गेलंय. ६२०२. गणपतीपर्यंत काढेल, पुढचं मी सांगत नाही." घरच्यांना तोवर आपला पंखा वाजतो हेच ठाऊक नसतं. अण्णा गेल्यावर मात्र दुसरं काही ऐकू येत नाही आणि त्या रात्री त्या घरात कुणाचा डोळ्याला डोळा लागत नाही.

आमच्या आळीतले एक म्हातारबाबा गेले तेव्हा अण्णा भेटायला गेले होते. खोलीभर माणसं खाली मान घालून बसलेली. अण्णाही बसले, आणि बराच वेळ डोळे मिटून बसले. लोकांना वाटलं, जुना स्नेह, भरून आलं असेल. उठताना ते थोरल्या मुलाजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "व्हायचं ते होऊन गेलं. आता बदलशील तेव्हा दोन्ही बदल. एकच बदललंस तर जुन्यापायी नवंही जातं." मुलगा हुंदका आवरत "हो अण्णा" म्हणाला. आपण कशाला हो म्हटलं ते त्याला तेराव्यानंतर कळलं.

एसटी स्टँडवर दापोलीची गाडी वळण घेऊन आत शिरली की बाकावर बसलेले अण्णा पुटपुटतात, "पुढचं डावं." एका ड्रायव्हरने गंमत म्हणून गाडी डेपोत तपासायला लावली, तर खरोखर पुढच्या डाव्या चाकाचंच बेरिंग गेलेलं निघालं. तेव्हापासून काही ड्रायव्हर आपली गाडी अण्णांच्या बाकापासून जरा लांब लावतात.

माणसांची वर्गवारीही बेरिंगावरूनच. कमी बोलणाऱ्या मास्तरांबद्दल अण्णांचं मत: "सील्ड माणूस. बाहेरचं आत जात नाही, आतलं बाहेर येत नाही." नात्यातल्या एका जोडप्याचं बिनसलं तेव्हा सगळे कारणं शोधत होते, अण्णांनी दोन शब्दांत मिटवलं: "प्ले आलाय." आणि निवडणुकीत मतं मागायला आलेल्या एका उमेदवाराला पाठमोरा बघून म्हणाले, "नुसतं ग्रीस. आत छर्रा एकही नाही."

अण्णा लोट्याच्या एका रसायन कारखान्यात फिटर होते. लोटे-परशुरामची एमआयडीसी खेडहून चिपळूणकडे जाताना महामार्गालाच लागते. खेडच्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस तिथल्या पाळ्यांवर म्हातारा झाला. अण्णांचं खातं पंपांचं. पंपात ६३०९ नंबरचं बेरिंग, बाहेरून बरोबर १०० मिलिमीटर. ते उतरवायचं, धुवायचं, ग्रीस भरायचं, चढवायचं. पण धुवायला वेळ कुणाला? पंप बंद म्हणजे प्लँट बंद, प्लँट बंद म्हणजे साहेब डोक्यावर. डिझेलच्या डब्यात बुचकळलं, फडक्याने पुसलं, ठोकलं आत. निवृत्तीच्या समारंभात अण्णांना दोन शब्द बोलायला उभं केलं तेव्हा ते म्हणाले, "इतक्या वर्षांत एक बेरिंग मनासारखं धुवायला मिळालं नाही." एवढं बोलून शाल-श्रीफळ घेऊन खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कुणाला कळेना.

त्यांचं दुसरं दुखणं म्हणजे बुडबुडे. पंपाच्या सक्शनला दाब कमी पडला की पाण्यातच बारीक बुडबुडे धरतात. पुढे दाब वाढला की ते फुटतात, आणि फुटताना धातूचा कण उडवतात. पंपात खडी फिरतेय असा आवाज येऊ लागतो. उघडून बघावं तर इम्पेलर वाळवीने खाल्लेल्या चौकटीगत झालेला. जहाजांच्या पंख्यांचंही असंच होई. बुडबुडा मिटताना एवढा जोर कुठून येतो त्याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली मांडलं. अण्णांनी ते गणित वाचलेलं नाही. त्यांनी इम्पेलर बदललेले आहेत.

निवृत्तीनंतर माणसं कलमं लावतात किंवा देवळाचे विश्वस्त होतात. अण्णांनी दोन्ही करून पाहिलं. कलमांना फिरणारा भाग नसल्यामुळे त्यांचा जीव रमेना. देवळात त्यांनी घंटेच्या कडीची करकर बंद करायला कडीत सढळ हाताने ग्रीस भरलं. वैशाखाचं ऊन, ग्रीस पातळ झालं, आणि एका भाविकाच्या पांढऱ्या टोपीवर टपकलं. भाविक नेमका सभापतींचा सासरा. विश्वस्तपद संपलं.

याच सुमारास काकूंनी, म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवतींनी, चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीच्या दर्शनाचा विषय काढला. अण्णा इतक्या चटकन तयार झाले की काकूंना तेव्हाच संशय यायला हवा होता. दर्शन झालं, आणि अण्णांनी रिक्षा एसकेएफच्या कारखान्यावरून घ्यायला लावली. १९०७ साली स्वीडनमध्ये निघालेल्या या कंपनीची बेरिंगं त्यांनी जन्मभर हाताळली होती. फाटकासमोर रिक्षा थांबवून, चपला काढून त्यांनी हात जोडले. वॉचमनने विचारलं, "कोणाला भेटायचंय?" अण्णा म्हणाले, "कोणाला नाही. झालं." काकू रिक्षातून खाली उतरल्या नाहीत, खेड येईपर्यंत बोलल्याही नाहीत.

मग कुवेतहून कायमचा परतलेला एक शाळासोबती अण्णांना भेटायला आला आणि येताना मासे गरवायचं एक रील घेऊन आला. आडव्या स्पूलचं, शिमानो कंपनीचं. अण्णा तोवर आयुष्यात कधी गरवायला गेले नव्हते. मासा त्यांनी बघितला तो ताटात. त्यांनी रील हातात घेतलं, अंगठ्याने स्पूलला टिचकी दिली आणि कानाला लावलं. मित्र कुवेतच्या गोष्टी सांगत होता. अण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं. बऱ्याच वेळाने डोळे उघडून त्यांनी विचारलं, "हे कोणी केलंय?" मित्राने सांगितलं, जपानी कंपनी आहे. अण्णांनी पुढच्या आठवड्यात नातवाकडून सगळी माहिती काढवली. १९२१ साली साकाई शहरात शोझाबुरो शिमानो नावाच्या माणसाने हा धंदा काढला तो सायकलच्या फ्रीव्हीलपासून. मासेमारीच्या रिळांकडे कंपनी वळली १९७० साली. अण्णांचं समाधान झालं. "बघ," ते मला म्हणाले, "सायकलवाल्याने केलंय. मासेवाल्याचं हे काम नव्हे."

स्पूलच्या दोन टोकांना दोन बेरिंगं. नंबर ६२३, मापं ३ बाय १० बाय ४. बाहेरचा व्यास १० मिलिमीटर. अख्खी नोकरी १०० मिलिमीटरच्या बेरिंगापायी गेली होती. आता हाती होतं त्याच्या दशांशाचं. डोक्यावर साहेब नाही, स्टोअरकीपर नाही, प्लँट थांबायची भीती नाही. अण्णा साठीनंतर पहिल्यांदा मोकळे झाले.

मीठ हा रिळाचा वैरी. खाडीचं पाणी स्पूलवर उडतं, दोरीबरोबर आत जातं, वाळतं, आणि छर्‍यांच्या वाटेत मिठाचे कण बसतात. त्यात जुनं तेल घट्ट होतं. आधी रील जड होतं, मग खरखरतं, मग एका सकाळी गंजाचा तांबूस ठिपका दिसतो. त्यावर उपाय म्हणजे बेरिंग उघडून आतलं सगळं धुऊन काढणं. अण्णांनी सुरुवात रॉकेलने केली. ते तेलकट थर मागे ठेवतं. मग पेट्रोल, त्याला काकूंनी "एक तर तो डबा घरात राहील नाही तर मी" असं सांगितल्यावर ते बंद झालं. मग कुणीतरी सांगितलं, ॲसिटोन. ॲसिटोन नखांचा रंग काढायच्या बाटलीत मिळतं. बाजारपेठेतल्या कटलरीच्या दुकानात टक्कल पडलेला, शर्टाच्या खिशाला स्क्रूड्रायव्हर अडकवलेला एक गृहस्थ दर आठवड्याला नेलपॉलिश रिमूव्हरच्या बाटल्या मागू लागला. दुकानदाराने पहिल्यांदा "घरी लग्न आहे वाटतं?" असं विचारलं. पुढे विचारणं बंद केलं, पण बाटल्या कागदात गुंडाळून देऊ लागला.

खरा उजेड पडला तो सोनाराकडे. काकूंचं मंगळसूत्र उजळायला दिलं होतं. सोनाराने ते स्टीलच्या एका लहानशा टाकीतल्या साबणाच्या पाण्यात सोडलं आणि बटण दाबलं. बारीक चुरचुर ऐकू आली, आणि काळ्या मण्यांच्या मधून मळाचा ढग निघाला. ब्रश नाही, हात नाही. सोनाराने समजावलं: टाकीच्या बुडाला खालून चकती बसवलेली असते, ती सेकंदाला ४० हजार वेळा थरथरते, त्या थरथरीने पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे होतात आणि फुटतात, जिथे ब्रशचा केस पोचत नाही तिथला मळ ते उडवतात.

"बुडबुडे?" अण्णा म्हणाले.

त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते सोनार अजून सांगतो. जन्मभर ज्यांनी त्यांचे इम्पेलर खाल्ले, रात्रपाळ्या वाढवल्या, साहेबांच्या शिव्या खायला लावल्या, ते बुडबुडे इथे कुणाची तरी धुणी धूत होते. अण्णा यंत्राची कंपनी, मॉडेल आणि वॅट लिहून घेऊन घरी आले. मंगळसूत्र काउंटरवरच राहिलं.

यंत्र आलं ते काकूंनी देवघरासमोर ठेवू दिलं नाही, म्हणून पडवीत बसलं. सोनाराने काकूंना एक मात्र बजावून सांगितलं होतं: मोती, पाचू आणि लाख भरलेले दागिने यात घालायचे नाहीत; मोत्याचं पाणी जातं, लाख सुटते. काकूंची सासूकडून आलेली मोत्यांची नथ त्याच आठवड्यात बँकेच्या लॉकरमध्ये गेली. चोराच्या भीतीने नव्हे.

अण्णांचा धुण्याचा विधी एकदा तरी बघावा. टेबलावर जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा, म्हणजे पडलेलं दिसतं. बेरिंगावरची पत्र्याची चकती एका केसाएवढ्या तारेच्या कडीने अडकवलेली असते. ती कडी सुईने उचलायची. उचलताना ती उडते. कुठे उडते ते विज्ञानाला अजून कळलेलं नाही. म्हणून अण्णा पारदर्शक पिशवीत दोन्ही हात घालून हे काम करतात. कडी उडाली तरी पिशवीत राहते. पण हे शहाणपण यायच्या आधी एक कडी उडाली ती नेमकी भाचीला बघायला माणसं आलेली असताना. अण्णा ओरडले, "हलू नका! पाय वर घ्या!" मुलाकडची सात माणसं पाऊण तास सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. लोहचुंबक फिरवायला अण्णांची मनाई, कारण बेरिंगात चुंबकपण शिरलं की लोखंडाचे कण ते आपणहून ओढून घेतं. शेवटी कडी नवऱ्या मुलाच्या पोह्यांत सापडली. लग्न जमलं. मुलाच्या वडिलांना म्हणे घरातली शिस्त आवडली.

चकती निघाली की बेरिंग काचेच्या लहानशा बाटलीत जातं. बाटलीत स्पिरिट, म्हणजे आयसोप्रोपिल, आणि बाटलीला घट्ट झाकण. टाकीत मात्र साधं पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा थेंब. पेटणारं काहीही थेट टाकीत ओतायचं नाही, हा अण्णांचा पहिला नियम, आणि कोरडी टाकी चालू करायची नाही हा दुसरा. बाटली बुडाला टेकू द्यायची नाही. ती तारेने मधोमध टांगायची. पाणी नवीन असेल तर आधी पाच मिनिटं यंत्र नुसत्या पाण्यावरच चालवायचं, म्हणजे पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते. मग बटण. बघता बघता बाटलीतल्या स्वच्छ स्पिरिटमध्ये बेरिंगाखालून करड्या रंगाचा एक धागा खाली उतरतो. त्या धाग्याकडे बघताना अण्णा काही बोलत नाहीत आणि कुणाला बोलू देत नाहीत. स्पिरिट गढूळ झालं की बदलायचं, पुन्हा बटण. करडा धागा यायचा थांबला की झालं.

यंत्र नीट काम करतंय की नाही ते बघायला ते पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियमच्या कागदाचा तुकडा पाण्यात धरतात. मिनिटाभरात त्याला बारीक भोकं पडतात. भोकं सारखी पसरलेली असली तर यंत्र ठीक. हे सगळेच करतात. अण्णा ते तुकडे तारखा घालून अल्बममध्ये लावतात. हा अल्बम पूर्वी मुलीच्या लग्नाचा होता.

या यंत्रावर घरात उघड बहिष्कार एकाच जिवाने टाकला, तो म्हणजे मांजर. आपल्याला २० हजारांच्या पुढची कंपनं ऐकू येत नाहीत. आपण ऐकतो ती बुडबुड्यांची चुरचुर. मांजराचा कान ६० हजारांच्याही वर पोचतो. बटण दाबलं की ते शेपूट फुगवून शेजारच्यांच्या माळ्यावर जातं. मासे गरवण्याचं सगळं सामान घरात असूनही ज्या घरात मांजर टिकत नाही असं हे खेडातलं एकच घर असावं. काकू म्हणतात, "त्याला निदान माळा तरी आहे."

धुऊन वाळलेलं बेरिंग अण्णा पेन्सिलीच्या टोकावर बसवतात, नखाने टिचकी मारतात आणि घड्याळ बघतात. वहीत रकाने आहेत: तारीख, बेरिंग, कोरडं, तेल घालून, शेरा. कोरडं ४१ सेकंद. तेल घालून १४. शेऱ्याच्या रकान्यात अण्णांच्या वळणदार अक्षरात: "खेद."

अण्णांच्या आयुष्यातली शोकांतिका ती हीच. धुतलेलं कोरडं बेरिंग मन भरेपर्यंत फिरतं, पण तसंच रिळात घातलं तर धातू धातूला खातो, आवाज करतं, आणि खाडीचं पाणी लागताच गंजतं. म्हणून तेलाचा एक थेंब द्यावाच लागतो. थेंब दिला की फिरण्याचा आकडा कोसळतो. किती वेळ फिरतं यावरून गळ किती लांब जाईल ते ठरत नाही, हे अण्णांना पक्कं ठाऊक आहे. मला त्यांनीच सांगितलं. तरी पाहुण्यांसमोर ते कोरडंच फिरवून दाखवतात. तेल घालायची वेळ आली की सुईच्या टोकावर थेंब घेऊन बराच वेळ थांबतात. मुलीची पाठवणी त्यांनी याहून धीराने केली होती.

एकदा पुण्याचा एक तरुण महागडं रील घेऊन आला. खोक्यावर छापलेलं, बेरिंगं १२ अधिक १. वर 'एबेक ७'. अण्णांनी त्याला समोर बसवलं. एबेक हा अमेरिकेतल्या बेरिंग इंजिनियरांच्या समितीने ठरवलेला मापांच्या अचूकपणाचा दर्जा. १, ३, ५, ७, ९ असे टप्पे. त्यात गुळगुळीतपणा, धातू, तेल यांचा विचार नाही. "म्हणजे मुलाचे मार्क कळले, स्वभाव नाही," अण्णा म्हणाले. आणि तेरा बेरिंगांतली हँडलच्या मुठीत किती, दोरीच्या फिरकीत किती, ते उघडून दाखवलं. तरुणाचा चेहरा उतरला. शेवटी त्यांनी उलट फिरणं थांबवणाऱ्या रुळांच्या वन-वे बेरिंगावर बोट ठेवलं. "याला हात लावायचा नाही. इथे भसाभस ग्रीस भरलंस तर रूळ घसरतील. मासा ओढेल आणि हँडल उलटं फिरून तुझी बोटं सोलेल." तरुण दुपारच्या मांडवी एक्सप्रेसने जाणार होता. ती गेली.

आता प्रश्न येतो माशांचा.

जगबुडी खेडच्या अंगाने वाहते, पुढे वाशिष्ठीला मिळते आणि दाभोळला समुद्रात जाते. भरतीचं पाणी पार वर चढतं. एका काळी हलक्या होड्या एकाच भरतीत दाभोळहून खेडपर्यंत येत. त्या पाण्यात तांबोशी आहे, जिताडा आहे, बोयटं आहेत, शिंगाळी आहे. मगरीही आहेत, आणि त्या गप्पांतल्या नाहीत. उन्हाला वाळूवर पडलेल्या येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतात. अण्णांच्या तत्त्वज्ञानाला मगरीचा मोठा आधार मिळाला. "काठावर जायचं नाही. लांब उभं राहून लांब टाकायचं. लांब टाकायला रील हलकं फिरायला हवं. रील हलकं फिरायला बेरिंग धुतलेलं हवं." या युक्तिवादात कुठे खोट काढता येत नाही.

खोट मासा काढतो. तांबोशी आणि जिताडा राहतात काठच्या खडकांच्या सावलीत, पाण्यात उतरलेल्या मुळांपाशी. अण्णा हात मागे घेतात, झोकात फेकतात, स्पूल सुईईई करत फिरतं, आणि आमिष काठच्या सगळ्या माशांच्या डोक्यावरून जाऊन नदीच्या मधोमध पडतं, जिथे कुणी राहत नाही. खालच्या अंगाला एक भोई मामा बसतात. त्यांच्याकडे रील नाही, रॉडही नाही. बोटाभोवती गुंडाळलेली दोरी, एक गळ, शिशाचा तुकडा, जिवंत कोळंबी. पायापासून दोन हातांवर सोडतात. अण्णांची दोरी डोक्यावरून जाताना मान न वळवता म्हणतात, "अण्णा, मासा हितं ऱ्हातो. तुमी पलीकडच्या गावात कशाला टाकता?" अण्णा म्हणतात, "आवाज ऐकलात का?" मामा म्हणतात, "मी ऐकला. माशानंबी ऐकला."

शिवाय दुसरी एक अडचण आहे. आडव्या स्पूलचं रील जितकं हलकं फिरतं तितकं ते थांबायला नाखूश असतं. आमिष पाण्यात पडलं की अंगठ्याने स्पूल दाबावं लागतं. क्षणभर उशीर झाला तर दोरी जायची थांबते, स्पूल फिरतच राहतं, आणि आतल्या आत दोरीचा असा गुंता होतो की सुटता सुटत नाही. साध्या रिळाचा गुंता दहा मिनिटांत सुटतो. अण्णांनी धुतलेल्या रिळाचा गुंता सुटायला दुपार जाते. ते सुई घेऊन झाडाखाली बसतात, मामांच्या टोपलीत मासे पडत राहतात. पण तोंडावर वैताग नसतो. "गुंता बघ," ते अभिमानाने म्हणतात. "नवीन रिळाला असा होणार नाही."

पहिल्या पावसात चढणीचे मासे शेतात येतात. पोरं टोपल्या, पाग, मच्छरदाणी, हाताला लागेल ते घेऊन धावतात. मासा अंगणात येऊ शकतो अशा त्या दोन दिवसांत अण्णा घरात असतात. पावसाळा हा त्यांचा धुण्याचा हंगाम.

जगबुडीची धोक्याची पातळी ७ मीटर. पाणी तिकडे सरकू लागलं की बाजारपेठेतले दुकानदार माल वर चढवतात, घरांत तांदळाची पिंपं माळ्यावर जातात. २२ जुलै २०२१ ला पाणी सगळ्या हिशेबांच्या बाहेर गेलं. चिपळूण बुडालं, खेडातही पाणी शिरलं. अण्णांनी माळ्यावर पहिल्यांदा काय नेलं ते सांगायला नको. काकूंनी तांदूळ स्वतः नेले.

पाणी ओसरलं आणि मागे चिखल राहिला. तो चिखल वाळला की पिठासारखा बारीक होई आणि कुठेही शिरे. शिलाई मशीन फिरेनात, स्कूटर सुरू होईनात, पिठाची गिरणी ठप्प. गॅरेजवाल्यांकडे रांगा. तेव्हा अण्णांनी पडवीत टेबल मांडलं. कार्ब्युरेटरचं जेट म्हणजे पितळेचा खिळा, त्यातलं भोक केसाएवढं. त्यात चिखल बसला की तारेने काढता येत नाही, तार भोक मोठं करते. अण्णांनी जेटं बाटलीत टांगली आणि बटण दाबलं. शिंपीणबाईंच्या मशीनचा शटल आला, घड्याळं आली, कुणाच्या कवळ्या आल्या. वीज नव्हती तेव्हा शेजारच्यांच्या जनरेटरवर यंत्र चाललं. मांजर तर माळ्यावरून उतरलंच नाही, पण त्या दिवसांत माळ्यावर माणसंही होतीच.

पैसे अण्णांनी कुणाकडून घेतले नाहीत. त्याऐवजी प्रत्येकाला बसवून आतली घाण दाखवली, ती कुठून आली, का आली, वेळेवर तेल दिलं असतं तर काय झालं असतं, ते सांगितलं. स्कूटरवाल्यांपैकी दोघांनी मला खासगीत सांगितलं की पैसे परवडले असते. पण त्यांच्या स्कूटर चालू झाल्या, हे खरं.

यानंतर आळीत अण्णांना हसणं कमी झालं आहे, असं म्हणवत नाही. हसतातच. फक्त कुणाच्या घरी काही अडलं, वाजलं, खरखरलं की पोराला आधी तिकडे पिटाळतात. अण्णांना मासा किती मिळाला याची मोजदाद काकूंकडे आहे आणि त्या ती एका हाताच्या बोटांवर करतात. त्यातली एक तांबोशी, तीही दोरी गुंतून आमिष काठाजवळच पडलं म्हणून.

तुमच्याकडे खाडीवर वापरलेलं रील पडून असेल, हँडल फिरवताना खरखर लागत असेल, तर ते फेकू नका. गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, आणि खेडला या. भरणे नाक्यावर उतरून कुणालाही बेरिंगवाले अण्णा विचारा. रील नवं होऊन मिळेल, खर्च चहाचा. येताना पेढे आणू नका, स्पिरिट आणा. नथ घालून येऊ नका. आणि परतीची गाडी मांडवी असेल तर सकाळीच या. दुपारी आलात तर दुसऱ्या दिवसाचं तिकीट काढा.